न झालेल्या खेळाचं परीक्षण

एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सिनेमावर बोलत आलो. मला पाच मिनिटं दिलेली असायची, मी बारा घ्यायचो. गाव मेर्सेदेस, रिओ नेग्रो नदीच्या काठचं. गावात थिएटर एकच, अल्बोराडा. आणि सिनेमातलं कळणारा माणूसही एकच, असं निदान माझं मत होतं. माझं नाव वॉशिंग्टन ओलासाबाल. आमच्या उरुग्वेत माझ्या वयाचा एक तरी वॉशिंग्टन प्रत्येक गल्लीत सापडतो, त्यामुळे नावाने कुणी दचकत नाही. शाळेत इतिहास शिकवायचो म्हणून सगळं गाव मला 'प्रोफे' म्हणतं. बायको सुल्मा 'म्हाताऱ्या' म्हणते. लग्न झालं तेव्हापासून म्हणते. ते लागू पडायला लागलं ते अलीकडे.

अल्बोराडात माझी खुर्ची ठरलेली होती, सातव्या रांगेतली कडेची. तिथे बसून मी पडद्याकडे जितकं बघायचो तितकंच मागे वळूनही बघायचो. कुणी कागद चुरचुरवला, कुणी कुजबुजलं, कुणी खुर्ची वाजवली की मी सावकाश मान वळवायचो आणि त्या दिशेला काही क्षण बघत राहायचो. शाळेत तीस वर्षं कमावलेली ती नजर होती. एकदा गावच्या न्यायाधीशांना लागोपाठ चार शिंका आल्या, तेव्हा चौथ्या शिंकेनंतर ते आपणहून उठून बाहेर गेले. हे मी पुढे अनेकांना अभिमानाने सांगितलं आहे.

सत्त्याण्णव साली थिएटरच्या मालकांनी, म्हणजे आता ते चालवणाऱ्या ओफेलियाच्या वडिलांनी, सिनेमाच्या मधोमध दहा मिनिटांचं इंटर्व्हल सुरू करायचं ठरवलं. मी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. भावनेचे दोन तुकडे करता येत नाहीत, असं वर लिहून दोनशे चौदा सह्या गोळा केल्या आणि तो कागद स्वतः नेऊन दिला. त्या म्हाताऱ्या मालकाने तो उभ्याउभ्या वाचला.

"प्रोफे," तो म्हणाला, "तुमच्या भावनेला लघवी लागत नसेल. लोकांना लागते."

पण इंटर्व्हल झालं नाही. मी जिंकलो. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि माझं मूत्राशय उत्तम स्थितीत होतं.

मग दोन हजार वीसच्या मार्चमध्ये साथ आली आणि अल्बोराडाला कुलूप लागलं. तेव्हा ओफेलियाचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, थिएटर ओफेलिया बासाल्दुआच चालवत होती. रेडिओवाल्यांनी मला घरून फोनवर बोलायला सांगितलं. पहिल्याच शुक्रवारी मी इतका हळवा होऊन बोललो की पलीकडे दार्दोने, म्हणजे रेडिओवरच्या आमच्या तंत्रज्ञाने, मला विचारलं की घरी सगळे ठीक आहेत ना. मी म्हणालो होतो की अंधारात अनोळखी माणसाच्या खांद्याशेजारी बसणं ही माणसाची शेवटची प्रार्थना आहे. आणि घरी टीव्हीवर सिनेमा बघणं म्हणजे पोस्टकार्डावर समुद्र बघणं.

मोन्तेविदेओहून मुलीने आमच्यासाठी एक भला मोठा टीव्ही पाठवला. मी सांगितलं की तो खोक्यातच राहील. तो तीन दिवस राहिला.

सुरुवातीला मी नियम पाळले. बूट घालून बसायचो, पडदे ओढायचो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचो आणि सुल्माला बोलू द्यायचो नाही. तिसऱ्या आठवड्यात बूट गेले. पुढे पँट गेली. मे महिन्यात मी पहिल्यांदा सूप गरम करायला सिनेमा थांबवला. पडद्यावरच्या बाईचं तोंड अर्धं उघडं राहिलं, मी परत येईपर्यंत ती तशीच थांबली. एवढा मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. जूनमध्ये आमचा हिवाळा आला तेव्हा मी पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन, आडवा पडून, एक सिनेमा चार दिवसांत बघत होतो. पोस्टकार्ड आणि समुद्र मात्र दर शुक्रवारी चालूच होतं. गरम पाण्याची पिशवी रेडिओवर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट झाली. सुल्मा बोलायला लागली. थिएटरमध्ये इतकी वर्षं ती माझ्या शेजारी गप्प बसली होती आणि मी धरून चाललो होतो की तिला म्हणण्यासारखं काही नसावं. घरात तिला कोण अडवणार? "ह्या माणसाला पहिल्यापासून माहीत आहे, बघ, तो दाराकडे बघतच नाही," असं ती सहज म्हणायची आणि अर्ध्या तासाने तेच निघायचं. कपडे, हात, कोण कुणाशी बोलताना खोटं हसतं, सगळं तिला दिसायचं. मला फक्त कॅमेरा दिसायचा. तिची वाक्यं मी शुक्रवारी रेडिओवर वापरायला लागलो. अर्थात, माझी म्हणून.

थिएटर मध्ये काही महिने उघडलं आणि पुन्हा बंद झालं. दुसऱ्या वर्षी बहुतेकांच्या लसी टोचून झाल्यावर, सप्टेंबरात, ते कायमचं उघडलं. ओफेलियाचा फोन आला.

"प्रोफे, तुमची खुर्ची पुसून ठेवली आहे."

"पहिल्याच खेळाला येतो," मी म्हणालो.

त्या शुक्रवारी मी गावाला आवाहन केलं. अल्बोराडा हे आपल्या गावाचं काळीज आहे, ते रिकामं राहिलं तर लाज आपली, वगैरे. हे सगळं मी मनापासून बोललो.

आणि मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात गुडघा दुखत होता. दुसऱ्या आठवड्यात थंडी होती. तिसऱ्या आठवड्यात मी कोट घालून, केस विंचरून निघालोसुद्धा. थिएटरच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो. तिकीटखिडकीपाशी तीन माणसं उभी होती, त्यातला एकजण खोकला. साधा, घसा साफ करणारा खोकला. मी तिथूनच वळलो, बेकरीतून गरम बिस्कोचो, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, घेतले आणि घरी जाऊन सुल्माला सांगितलं की बाहेर पडलो होतो ते ह्यासाठीच.

"कोट घालून?" तिने विचारलं.

मला मरणाची भीती होती असं नाही. दोन डोस झाले होते. मला वाटतं, मला राग येत होता. सात वाजता म्हणजे सातला सिनेमा सुरू होणार, माझं चहापाणी झालं की नाही हे कुणी विचारणार नाही. पडद्यावरची बाई माझ्यासाठी तोंड उघडं ठेवून थांबणार नाही. दीड वर्षात मी एवढा लाडावलो होतो.

पण शुक्रवार तर दर आठवड्याला यायचा. मग मी फोनवर सिनेमाची दोन मिनिटांची जाहिरात बघायचो, सुल्माला दाखवायचो, ती काय म्हणते ते लिहून घ्यायचो आणि रेडिओवर जाऊन बारा मिनिटं बोलायचो. आता स्टुडिओत जाऊन बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. सात आठवडे हे चाललं. कुणाला काही कळलं नाही असं मला वाटलं, कारण खरा सिनेमा बघायला जातच होतं कोण?

आठव्या आठवड्यात अल्बोराडाला एका नावाड्याचा सिनेमा लागला. जाहिरातीत धुकं होतं. सुल्मा म्हणाली, "तो आता परत येणार नाही, त्याने दोर नीट गुंडाळून ठेवला आहे." मी खूश होऊन ते टिपून घेतलं.

शुक्रवारी मी माइकपुढे बसलो आणि सांगितलं की बुधवारच्या खेळाला मी सातव्या रांगेत होतो. शेवटी नदीवर धुकं उतरतं, नावाडी दोर गुंडाळून ठेवतो, त्या क्षणी थिएटरमध्ये कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. माझ्या मागे एक बाई रडत होती, मी वळून बघितलं नाही, कारण काही अश्रूंकडे वळून बघू नये.

काचेपलीकडे दार्दोने हात वर केला. फोनचा दिवा लुकलुकत होता. त्याने आतल्या माइकवरून मला विचारलं, "ओफेलिया आहे. घेऊ?"

मला वाटलं, आभार मानायला असेल. "घे," मी म्हणालो.

"नमस्कार, प्रोफे," ओफेलियाचा आवाज आला. तिचा आवाज शांत होता. "बुधवारचा खेळ झालाच नाही. कुणी आलं नाही. मी साडेसातपर्यंत खिडकीत बसले आणि मग कुलूप लावून घरी गेले. तुमच्या मागे बाई होती म्हणता, ती मी असणार, दुसरं कुणी नव्हतंच. पण मी रडले नाही."

मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. दार्दोने मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात लावली.

घरी जाताना मी मधली गल्ली धरली, पण वाल्तर खाटकाचं दुकान दोन्ही बाजूंनी उघडतं. तो दारात सुरी पुसत उभा होता.

"प्रोफे," तो म्हणाला, "रविवारच्या मॅचचा निकाल पण सांगून ठेवा ना. पैजेला बरं पडेल."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्यातल्या दोघींना मी शाळेत नापास केलेलं होतं, त्या जरा जास्तच हसल्या.

सुल्माने रेडिओ ऐकलेला होता. तिने ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसली. मी मसुराच्या आमटीत पाव बुडवत राहिलो. ती म्हणाली, "दोराचं वाक्य माझं होतं."

"हो."

"खेळ झाला नाही त्याचं मला काही नाही. पण निदान एकदा तरी, बायको म्हणते म्हणून, असं म्हणायला हवं होतंस."

मी सगळ्या गावासमोर खोटारडा ठरलो होतो आणि तिला लागलं होतं ते हे. त्या दुपारी मला झोप लागली नाही. आमच्या गावात दुपारी झोप न लागणं ही गंभीर बाब असते.

शनिवारी चारच्या सुमाराला दार वाजलं. ओफेलिया होती. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते प्यायचा स्वतःचा तुंबा. माते म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा. साथीच्या आधी आम्ही सगळे एकाच तुंब्यातून, एकाच नळीने माते प्यायचो. आता प्रत्येकजण आपापला घेऊन हिंडतो. ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. वय अठ्ठावन्न, अंगाने भारदस्त, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बसली की किल्ल्या वाजतात.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "भांडणं मला परवडत नाहीत, मला गिऱ्हाईक हवं आहे. मला फक्त एक सांगा. तुम्ही का येत नाही? तुम्हीच नाही आलात तर बाकीच्यांचं मी काय धरून बसू?"

मी घसा साफ केला. म्हणालो की साथीने सामूहिक पाहण्याची परंपराच खंडित केली आहे, आणि अंधाराशी असलेलं आपलं नातं...

"त्याला लघवी लागते," सुल्मा शेगडीपाशी उभी राहून म्हणाली.

ओफेलिया माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होतो.

"दर पन्नास मिनिटांनी," सुल्मा पुढे म्हणाली. "प्रोस्टेट."

"माझ्या वडिलांनी सांगितलं होतं तुम्हाला," ओफेलिया म्हणाली.

"सांगितलं होतं."

"अजून काय?"

एकदा ते बाहेर पडल्यावर बाकीचं लपवण्यात अर्थ उरला नव्हता. मी सांगितलं. की मला मध्येच थांबवायची सवय लागली आहे. की मागे कुणी खोकलं तर मी अर्धा सिनेमा त्या खोकल्याकडेच लक्ष देतो. की आडवं न होता दोन तास माझ्याच्याने बसवत नाही. आणि मग, कसं कोण जाणे, मी हेही बोलून गेलो की सुल्मा शेजारी बोलत नसेल तर मला सिनेमा नीट कळत नाही. कदाचित आधीही कधी कळत नव्हता.

शेगडीपाशी डाव हलायचा थांबला. सुल्मा वळली नाही.

ओफेलियाने माते संपवला, नळीतून शेवटचा घुर्र आवाज आला. "हे रेडिओवर सांगा," ती म्हणाली.

"लघवीचं?"

"सगळं. आठ आठवडे न झालेलं सांगितलंत, एक दिवस झालेलं सांगा. लोक घरी बसून काय करतात मला कळायला हवं. मी विचारलं की सगळे म्हणतात, येऊ की, वेळ मिळाला की येऊ. दीड वर्ष वेळच तर होता सगळ्यांकडे."

मी आठवडाभर ते बोलणं टाळत होतो. रेडिओला आजारी असल्याचं कळवावं असंही मनात आलं, पण त्या काळात आजारी आहे म्हटलं की लोक डॉक्टर पाठवायचे. शुक्रवारी गेलो. दार्दोने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि लाल दिवा लावला.

मी चार मिनिटं बोललो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दिलेल्या वेळेच्या आत संपवलं. कोपऱ्यावरून परत फिरलो ते सांगितलं, गरम पाण्याची पिशवी सांगितली, चार दिवसांत एक सिनेमा सांगितला, प्रोस्टेट सांगितलं. आठही परीक्षणांतलं जे बरं होतं ते माझ्या बायकोचं होतं हेही सांगितलं. मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

फोन लुकलुकायला लागला तो थांबेना. पहिला वाल्तर खाटीक. मला वाटलं आता हा सोलणार. पण तो म्हणाला, "प्रोफे, माझंही तेच. म्हणजे लघवीचं नाही. मी घरी आमच्या कुत्र्याबरोबर बघतो. ते माझ्या पोटावर डोकं ठेवतं. त्याला घरी ठेवून मी एकटा सिनेमाला जायचं म्हटलं तर ते दारात बसून असं बघतं की मी जातच नाही."

मग एका मुलीचा फोन आला, बँकेत नोकरी करणाऱ्या. ती म्हणाली की घरी सिनेमा बघण्यात सर्वांत चांगलं काय असेल तर सातव्या रांगेतून कुणी वळून बघत नाही. "मी तेरा वर्षांची असताना तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं होतं, प्रोफे. मी नुसतं चॉकलेट सोलत होते. त्यानंतर मी थिएटरमध्ये कधी काही खाल्लं नाही आणि मग हळूहळू जायचीच बंद झाले. साथ नंतर आली."

हे ऐकल्यावर मी खुर्चीत जरा खाली सरकलो. म्हणजे अल्बोराडा रिकामं करण्याचं काम साथीच्या बरंच आधी सुरू झालं होतं आणि ते मी फुकट करत होतो.

अकरा फोन झाले. शेवटचा आमांडाचा होता. ती मुलांना पियानो शिकवते, तिचा नवरा त्याच वर्षी एप्रिलमध्ये साथीत गेला होता.

"आम्ही दर बुधवारी यायचो," ती म्हणाली. "तो झोपायचा. मी कोपर मारून उठवायची. घरी परत जाताना मी त्याला सगळी गोष्ट सांगायची, त्याला तेच आवडायचं. आता मी कुणाला सांगणार? म्हणून येत नाही. बाकी मला कसली भीती नाही."

मी माइकपुढे बसून म्हणालो, "बरोबर आहे, आमांडा."

त्या दिवशी रेडिओवर गावातल्या मयतांची यादी चाळीस मिनिटं उशिरा वाचली गेली. एका कुटुंबाने तक्रारही केली.

ओफेलियाने सगळं ऐकलं होतं. पंधरा दिवसांनी तिने जाहीर केलं की आठवड्यात खेळ एकच, रविवारी दुपारी चारला. मध्ये पंधरा मिनिटांचं इंटर्व्हल. आणि बाल्कनीत बोलायला परवानगी, खाली नाही. हे रेडिओवर मीच सांगावं असा तिचा आग्रह होता.

"त्या दोनशे चौदा सह्यांचं काय?" मी विचारलं.

"कागद माझ्याकडे आहे. एकशे तीनजण वारले. बाकीच्यांना मी विचारलं, त्यांना आठवत नाही कशावर सही केली होती."

तो रविवार नोव्हेंबरातला, उन्हाचा. थिएटरमध्ये एकसष्ट माणसं आली. आम्ही दोघं बाल्कनीत बसलो. सुल्माने नवी चप्पल घातली होती, मी थर्मास आणला होता. दिवे गेले. मला वाटलं होतं की पहिल्या पाच मिनिटांत रडू येईल किंवा पळून जावंसं वाटेल. दोन्ही झालं नाही. मी सुल्माच्या बोलण्याची वाट बघत होतो. ती बोलेना. थिएटरमध्ये अंधार पडला की गप्प बसायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की परवानगी असूनही तिला शब्द फुटेना. आणि मला, बोलण्यावर सगळी हयात डोळे वटारलेल्या माणसाला, सुरुवात करायची लाज वाटत होती. पन्नास मिनिटं आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत शहाण्या मुलांसारखे बसलो. सिनेमात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही.

मग इंटर्व्हल झालं आणि मी आधी जिथे जायचं तिथे गेलो. तिथे रांग होती. रांगेत सगळे माझ्या वयाचे, सगळ्यांनी मला बघून जागा करून दिली. एकजण म्हणाला, "रेडिओवर सांगितलंत ते बरं केलंत."

बाहेर फुटपाथवर ओफेलियाने टेबल टाकून तोर्ता फ्रिता, म्हणजे जाड पुऱ्या, तळायला घेतल्या होत्या. त्या आमच्याकडे पावसात तळायच्या असतात, ऊन असताना तळल्या म्हणून निम्मे लोक तिला बोलत होते आणि खात होते. मी इतकी माणसं एका जागी उभी राहिलेली पावणेदोन वर्षांत बघितली नव्हती. कुणाकुणाचे केस पांढरे झाले होते. कुणी कुणाला मिठी मारायला जायचं आणि मध्येच थांबून कोपराला कोपर लावायचं. वाल्तर कुत्रं घेऊन आला होता, ते त्याने बाहेर खांबाला बांधलं होतं आणि इंटर्व्हल होताच तो धावत त्याच्याकडे गेला होता. आमांडाही होती. तिने तिकीट काढलं नव्हतं, नुसती इंटर्व्हलपुरती आली होती.

घंटा वाजली. कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा वाजली. पंधराची पस्तीस मिनिटं झाली. मग ओफेलिया दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे, किल्ल्या वाजत होत्या.

"आत नऊ माणसं बसली आहेत," ती म्हणाली. "सिनेमा चालू केला आहे. कुणाला आठवण असेल तर या."

काही हसले, काही आत गेले, बरेच तिथेच राहिले. आमांडाने बॅग खांद्यावर सारखी केली आणि विचारलं, "पहिल्या भागात काय झालं?"

"चल, सांगते," सुल्मा म्हणाली. "तिकिटाचं ओफेलियाशी नंतर बोलू." दोघी हातात हात घालून आत गेल्या. दारापाशी पोचेपर्यंत सुल्माचं बोलणं सुरू झालेलं होतं. मघाशी पन्नास मिनिटं साठवलेलं सगळं.

मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. पण त्याच वेळी वाल्तर मला त्याच्या मेव्हण्याने टाळेबंदीत घरातल्या घरात होडी कशी बांधली आणि ती दारातून बाहेर कशी निघेना ते सांगत होता, आणि ते मध्येच सोडणं माझ्याच्याने झालं नाही. मी बाहेर राहिलो. कुत्र्याने माझ्या बुटावर डोकं ठेवलं. आतून भिंतीतून संगीत ऐकू येत होतं, लोक हसल्याचाही आवाज आला, एकदा सुल्माचा स्पष्ट ओळखू आला. त्या सिनेमाचा दुसरा अर्धा भाग मी अजून पाहिलेला नाही. शुक्रवारी मी तसं सांगितलं आणि बाकीचं सुल्माने सांगितलं, तिला मी बरोबर घेऊन गेलो होतो. आता ती दर आठवड्याला येते. पाच मिनिटांतली तीन तिची, दोन माझी. दार्दो म्हणतो की तिच्यात भूमिका घ्यायची हिंमत आहे. माझ्यात काय होतं ते त्याने सांगितलं नाही.

ह्या गोष्टीने अल्बोराडा वाचलं, असं मला लिहायला आवडलं असतं. ते रविवारपुरतं वाचलं आहे. बरी गर्दी असेल तेव्हा चाळीस माणसं, पाऊस असेल तेव्हा बारा. पूर्वी लोक सिनेमा बघायला यायचे आणि जाता जाता भेटायचे. आता भेटायला येतात, सिनेमा आहे तर बघतात. ओफेलिया म्हणते की तिला दोन्हीचे पैसे सारखेच. आठवड्याचे बाकीचे दिवस ती खाली नाचाचे वर्ग भरवते. मी दर रविवारी जातो असंही नाही. थंडी असली की मी आणि गरम पाण्याची पिशवी घरीच असतो, आणि शुक्रवारी सांगतो की घरी होतो.

गेल्या महिन्यात तिथे एक सिनेमा लागला, जो मी साथीत चार दिवसांत तुकड्यातुकड्याने बघितला होता. तेव्हा मला तो भिकार वाटला होता. पण मग मला वाटलं, कदाचित दोष तुकड्यांचा असेल, माझा असेल. मोठ्या पडद्यावर, सलग, माणसांमध्ये बसून बघितला तर तो उमलेल. जुनी श्रद्धा अशी सहजासहजी जात नाही. मी सुल्माला घेऊन गेलो, इंटर्व्हल सोडून एकदाही उठलो नाही, शेवटची नावं संपेपर्यंत बसलो.

सलगही तो भिकारच निघाला. त्याच जागी, तेवढाच.

दिवे लागले तेव्हा पंधरा-वीस माणसं होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. मागच्या रांगेतला कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "ह्यासाठी मी आंघोळ केली." सगळे हसले, मीही हसलो, वळून बघितलं ते फक्त कोण आहे ते कळावं म्हणून. बाहेर अजून उजेड होता. घरी जायला जवळचा रस्ता होता, पण आम्ही नदीकाठाने गेलो. सुल्मा त्या दिग्दर्शकाच्या एकेका चुकीचा समाचार घेत चालली होती, हातवारे करत, मध्येच थांबून. मी म्हणालो, थोडं शुक्रवारसाठी राखून ठेव. ती म्हणाली की शुक्रवारपर्यंत तिला आणखी सुचेल.